तिट्टूवरचे लंकादहन

मार्गशीर्ष लागला की सांबशिवरावांची पाठ धरायची. पाऊस उघडलेला असे, कोळ्ळिडम नदीचे तांबडे पाणी निवळू लागलेले असे, आणि झाडांखाली पाखरांच्या पांढऱ्या विष्ठेचा थर साचलेला असे. तो फळीने खरवडायचा, टोपलीत भरायचा, पाटाच्या गाळात कालवायचा आणि पानमळ्यात नेऊन वेलांच्या बुडाशी घालायचा. नदीच्या दोन फाट्यांत अडकलेल्या त्या बेटाला सगळे तिट्टू म्हणत. तिट्टूवर घर एकच, सांबशिवरावांचे. बाकी पानमळा, थोडी केळी, गोविंदबुवांची समाधी आणि समाधीभोवतीची जुनी अर्जुनसादड्याची नि उंडीची झाडे. त्या झाडांवर करकोचे, बगळे, कुदळे. पाऊस आला की येत, घरटी करत, पिले वाढवून उन्हाळ्याच्या तोंडाशी निघून जात. घरात पाहुण्याची वाट पाहावी तशी त्यांची वाट पाहिली जाई.

त्या सकाळी मागे कोणी येऊन उभे राहिले ते सांबशिवरावांना कळलेच नाही.

"नमस्कार," तो माणूस हळूच म्हणाला. उंच, किडकिडीत, पांढरा सदरा, काखेत मिटलेली छत्री. वहाणा हातात धरलेल्या.

"कोण तुम्हीं?"

"मी राजगोपाल. तंजावूराहून आलों. तुमच्या धाकट्या भावांनी परिसलीतून आणलं."

बोलणे आपल्या घरातले, तंजावूरच्या मराठ्यांचे. सांबशिवरावांनी फळी खाली ठेवली, हात धोतराला पुसले. "काय पाहिजे?"

"पाहिजे कांहीं नाही. पाहायास आलों." त्याने पिशवीतून दुर्बीण काढली, मान वर करून बराच वेळ पाहिले. त्याच्या सदऱ्यावर वरून एक पांढरा ओघळ पडला. तो हसला, पुसला नाही. "सरकार आतां पाहण्यासारख्या जागा शोधतंय. देऊळ, तळं, जंगल. हें सगळं इथें एकाच ठिकाणीं. मदरासेचे लोक येतील. पक्षी पाहतील, समाधीचं दर्शन घेतील, तुमचं कीर्तन ऐकतील. इतकी सुंदर जागा, आणि कोणास ठाऊक नाही!"

"आम्हांस ठाऊक आहे की," सांबशिवराव म्हणाले.

दुपारी जेवायला बसल्यावर सेतुमाधवाने विषय काढला. सेतुमाधव धाकटा भाऊ. परिसल, म्हणजे ती कातड्याने मढवलेली गोल टोपलीसारखी नाव, तोच चालवी, आणि पाने पलीकडच्या बाजारात तोच नेई. त्यामुळे बाहेरच्या जगाची खबर त्याच्याकडे असे, निदान असे त्याचे म्हणणे.

"अण्णा, तो हळू कां बोलत होता?"

"म्हणजे?"

"नवा माणूस इथें येतो तो काय करतो? आधी टाळी वाजवतो. पाखरं उडतांना पाहायचीं असतात त्यास. मग आपण ओरडायचं. ह्यानें नावेंतून उतरतांनाच वहाणा काढल्या. ह्यास सांगितलं कोणीं?"

सांबशिवरावांची बायको विशालाक्षी भात वाढत होती. "सभ्य असेल बापडा."

"मन्नी, सभ्य माणूस पाखरं पाहून झाल्यावर दुर्बीण मळ्याकडे कां फिरवतो? मी पाहत होतों. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली."

सांबशिवरावांचा घास हातात राहिला. विशालाक्षीने वाढणेही थांबवले.

तिट्टूची जमीन नदीची. तिचा पट्टा कोणाच्या नावावर नव्हता, कधीच नव्हता. पुराच्या वर्षी एका अंगाने खचायची, दुसऱ्या अंगाने गाळ धरायची. पणजोबांनी बुवांच्या समाधीची पूजा पत्करली तेव्हापासून घर इथेच होते आणि वेल इथेच होते. कोणी विचारायला आले नाही, आणि ह्यांनी कोणाला सांगायला जायचे कारण नव्हते. पण त्या वर्षी मदरासेत जमिनींच्या कायद्याची बोलणी चालू होती. तिरुवैयारूपासून पापनाशमपर्यंत ज्याच्या त्याच्या ओटीवर तोच विषय.

"खालच्या अंगाच्या त्या दुसऱ्या तिट्टूवर काय झालं?" सेतुमाधव म्हणाला. "कोणा साहेबास तिथलीं बदकं आवडलीं. मग बंगला झाला. मग कुंपण झालं. ते केळीवाले आतां पलीकडच्या गांवांत मजुरी करतात. पाखरं सरकारचीं झालीं कीं झाडं सरकारचीं. झाडं सरकारचीं झालीं कीं त्यांच्या सावलींतला वेल कोणाचा?"

"तूं जेव आधी," विशालाक्षी म्हणाली. पण तिने दाराकडे एकदा पाहून घेतले.

राजगोपाल पुन्हा आला तेव्हा मळ्यात वेल बांधायचे काम चालले होते. हादग्याच्या सरळ बुंध्यांवर वेल चढवलेले. वाढलेली कांडी उतरवायची, वळवायची, लव्हाळ्याच्या ओल्या पात्यांनी पुन्हा बांधायची. सांबशिवराव शिडीवर होते. विशालाक्षी खाली, अंगठ्याला पत्र्याची नखी चढवून पाने खुडत होती. बोटे हिरवीकाळी झाली होती.

"अम्मा, पूर आल्यावर पाणी कुठवर चढतं?" त्याने विचारले.

"येतं तसं जातं."

"ह्या वेलास किती वर्षं झालीं?"

"वेल दर कांहीं वर्षांनी नवा लावतात."

"नाही, म्हणजे पहिला कोणीं लावला?"

विशालाक्षीने मान खाली घातली आणि नुसती पाने खुडत राहिली.  राजगोपाल शिडीपाशी आला. "सांबशिवराव, बुवांच्या पुण्यतिथीचं कीर्तन पुढच्या आठवड्यांत ना? ऐकलं मी, इथलं कीर्तन मृदंगाशिवाय होतं. पाखरांसाठीं. खरंच कां?"

"बुवांची आज्ञा आहे."

"कसली आज्ञा?"

सांबशिवराव शिडीवरून उतरले. बुवांचे नाव निघाले की त्यांना राहवत नसे, संशय असो नाहीतर काही असो. "ऐन कीर्तनांत मृदंगावर थाप पडली आणि वरून पिलूं खालीं आलं. बुवांच्या पायांपाशीं. बुवांनीं मृदंग उचलून बाजूस ठेवला, म्हणाले, ह्यांचीं लेंकरं वाढेपर्यंत इथें चामडं वाजायचं नाही. तेव्हांपासून आम्ही चिपळ्यांसही फडकं गुंडाळतों. श्रोते टाळी वाजवीत नाहीत, हात जोडून तळवे नुसते दाबतात. आवाज न करितां टाळ धरायचा. सवय झाली सगळ्यांस."

राजगोपालचे डोळे ओलावल्यासारखे झाले. किंवा उन्हाने तसे दिसले असतील. "हें मी आमच्या खात्याच्या साहेबांस दाखवणार," तो म्हणाला. "कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशीं मी त्यांस घेऊन येतों. एकदां त्यांनीं हें डोळ्यांनीं पाहिलं पाहिजे."

तो गेल्यावर शिडी तशीच राहिली.

"साहेब येणार," सेतुमाधव म्हणाला. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"तुम्हीं त्यास सगळी कथा सांगितलीत. आणखी काय, पान लावून द्यायचं राहिलं होतं."

"बुवांचं सांगितलं. त्यांत काय चोरी?"

"अण्णा, पाखरं आहेत म्हणून तो येतोय. पाखरं नसतील तर साहेब काय पाहील? चिखल. चिखल पाहायास कोण येतो?"

विशालाक्षीने नखी काढून कमरेला खोचली. "म्हणजे काय करायचं म्हणतोस?"

"कांहीं करायचं नाही. पुण्यतिथी आहे, उत्सव करायचा. जसा साऱ्या जगांत करतात तसा. मृदंग आणायचा. व्यंकटरमण तिरुवैयारूहून आनंदानें येईल, कधींचा म्हणतोय. अण्णांनीं लंकादहन लावायचं."

 सांबशिवराव नदीकडे पाहत होते.

लंकादहन हे त्यांचे आख्यान होते. कुंभकोणमच्या बाजूला, एकदोनदा तंजावूरला, त्यांनी ते लावले होते आणि लोक उठून उभे राहिले होते. मारुतीची शेपटी वाढत जाते तशी लय वाढवायची, साकीवरून दिंडीवर यायचे, आणि आग लागली की मृदंगाशी आवाज लढवायचा. सगळ्या मुलखाने ते ऐकले होते. ज्यांच्या समाधीच्या पायरीशी बसून ते गाणे शिकले त्या बुवांपुढे मात्र ते कधी झाले नव्हते. इथे दर वर्षी सुदामा, नाहीतर विदुराच्या घरच्या कण्या. घशातल्या घशात, जसे आजाऱ्याच्या खोलीत बोलावे. बुवांना आपले खरे गाणे ठाऊकच नाही, ही खंत त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. आता भावाने ते उघड्यावर आणून ठेवले होते, आणि त्याला घर वाचवण्याचे नाव दिले होते.

"आज्ञा मोडायची?" ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"बुवांस घर मोडलेलं चालेल काय?" सेतुमाधव म्हणाला. "आणि थोडीशी बारांची दारू. देवळाच्या उत्सवांत लोखंडी नळकांड्यांत ठासतात ती. लंका पेटते तेव्हां एकदोन बार. शोभा येईल."

सांबशिवरावांनी हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही.

रात्रीची निजानीज व्हायच्या आधी विशालाक्षी देवापुढचा दिवा सारखा करत होती. पाठमोरीच म्हणाली, "तुमच्या मनांत भीती किती आणि मृदंग किती, तें मज दिसतंय."

"तुज भीती नाही वाटत?"

"वाटते. म्हणूनच मी गप्प आहें." मग वात पुढे सारून, "मज त्या माणसाचा भरंवसा नाही. पण तुमचाही आतां पुरता उरला नाही."

मधले दिवस कामात गेले. सांबशिवरावांनी केळीच्या सोपांत पाने बांधली, चरांत उतरून लांब दांड्याच्या पळीने वेलांवर पाणी उडवले. काम करताना ते वर पाहत नसत. घरट्यांत पिलांची चोच चोचीवर आपटल्याचा कटकट आवाज सारखा चालू असे, तिकडे कान जाऊ नये म्हणून ते मनातल्या मनात लंकादहनाची पदे घोळवत. घोळवता घोळवता त्यांना आनंद होई. त्या आनंदाची त्यांना लाज वाटे, आणि तरी पुढचे पद आठवे.

पुण्यतिथीला दुपारपासून परिसलीच्या खेपा सुरू झाल्या. माणसे काळोखाआधी परतायची म्हणून कीर्तन ऊन असतानाच उभे राहायचे. अंगणात चटया पडल्या. व्यंकटरमण मृदंगाला कणीक लावत होता. नेहमीच्या म्हाताऱ्या बायकांनी मृदंग पाहिला आणि एकमेकींकडे पाहिले.

"यंदां वाजवणार?" एकीने विचारले.

"बुवांनीं स्वप्नांत येऊन सांगितलं," सेतुमाधव म्हणाला.

"कोणाच्या स्वप्नांत?"

"अण्णांच्या."

सांबशिवरावांनी ते ऐकले. ते समाधीला नमस्कार घालत होते. कपाळ दगडावर जरा जास्तच वेळ राहिले. मग उठून त्यांनी चिपळ्यांचे फडके सोडले, घडी करून कनवटीला लावले.

पूर्वरंग त्यांनी सवयीने हळूच घेतला. नामाचे निरूपण केले, बुवांची आठवण सांगितली. मध्यंतरी सगळ्यांना बुक्का लागला, हार पडला. मग उत्तररंगाला उभे राहिले, व्यंकटरमणाकडे पाहिले, आणि मृदंगावर थाप पडली.

झाडांवरची कटकट एकदम बंद झाली.

सांबशिवरावांनी आवाज सोडला. समुद्र ओलांडणारा मारुती त्यांनी उभा केला, अशोकवनात बसलेली सीता उभी केली, आणि तिला अंगठी दाखवताना त्यांचे स्वतःचे डोळे भरले. खरे सांगायचे तर ते तसे पूर्वी कधी गायले नव्हते. पांढरी पाखरे थव्याने उठून वर घिरट्या घालू लागली होती. त्यांच्या सावल्या चटयांवरून, माणसांच्या तोंडांवरून फिरत होत्या. श्रोत्यांपैकी अर्धे वर पाहत होते. सांबशिवरावांनी डोळे मिटून घेतले. शेपटीला चिंध्या बांधल्या गेल्या, तेल ओतले गेले. दिंडी चढली. व्यंकटरमण घामाने निथळत होता, हसत होता. आवाज वर, आणखी वर गेला, आणि लंकेच्या पहिल्या घराला आग लागली तेव्हा समाधीमागून पहिला बार झाला.

जमीन हादरली. दुसरा झाला. तिसराही.

पुढचे पद त्यांच्या तोंडी आले होते. ते त्यांनी म्हटले. त्यानंतरचेही म्हटले. लंका पुरती जाळून, मारुतीला समुद्रात शेपटी विझवायला लावून, आरतीपर्यंत ते थांबले नाहीत. डोळे उघडले तेव्हा म्हाताऱ्या बायका उठून नावेकडे निघाल्या होत्या, प्रसाद न घेता.

सकाळी झाडे रिकामी होती. थोडे बगळे पलीकडच्या काठावर बसलेले दिसत होते, पण इकडे येत नव्हते. कावळे मात्र आले होते. घरट्यांतली अंडी त्यांनी फोडली होती. खाली, फळीने खरवडायच्या त्या जागेत, पिले पडली होती. पिसे न फुटलेली, लांब मानेची, काहींच्या चोची अजून उघडमीट करत होत्या.

सांबशिवराव आणि विशालाक्षी दोन्ही बाजूंनी गोळा करत आले. पाने नेण्याच्याच टोपल्या होत्या, दुसऱ्या नव्हत्या. जिवंत होती ती विशालाक्षीने पदरात घेऊन पडवीत नेली. त्यांना काय भरवायचे ते कोणालाच ठाऊक नव्हते.

"हीं काय करायचीं?" सांबशिवरावांनी टोपलीकडे पाहून विचारले. आवाज बसला होता.

"वेलांच्या बुडाशीं घाला. खतच आहे तें," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून गेली.

ते टोपली केळीच्या पानाने झाकून मळ्याकडे निघाले होते, तेवढ्यात परिसल लागली. सेतुमाधव पुढे, मागून राजगोपाल, आणि मग बुटांचा चिखल गवताला पुसत एक जाडसर साहेब, तमिळ बोलणारा. राजगोपालने वहाणा काढल्या होत्या. चार पावले टाकून त्याने वर पाहिले. मग पुन्हा दुसऱ्या झाडाकडे पाहिले. दुर्बिणीला त्याने हात लावला नाही.

"हेंच ते?" साहेबाने विचारले.

"हेंच," राजगोपाल म्हणाला.

"कुठे आहेत तुझे पक्षी?"

"यंदा लवकर गेले, साहेब," सेतुमाधव तमिळमध्ये मधेच म्हणाला. "आतां कांहीं नाही इथे. नुसता चिखल."

साहेबाने रुमालाने मान पुसली. एवढ्या लांब यायला लावल्याचा राग त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता, पण माणूस वाईट नसावा. त्याची नजर टोपलीवर गेली. "असो. पानमळा आहे वाटतं? दोन पानं तरी द्या, म्हातारबुवा. तोंडाला बरी."

सांबशिवराव जागचे हलले नाहीत. टोपली त्यांनी पोटाशी धरली.

राजगोपाल त्यांच्या जवळच उभा होता. केळीच्या पानाच्या कडेखालून एक पाय बाहेर आला होता, काडीसारखा, राखी. तो त्याने पाहिला. सांबशिवरावांनी त्याला ते पाहताना पाहिले.

"साहेब, ती पानं बुवांच्या पूजेचीं आहेत," राजगोपाल म्हणाला. अगदी शांतपणे म्हणाला. "नैवेद्य झाल्याशिवाय कोणास देत नाहीत. चला, जाऊं. मीच चुकलों."

"मग राहू दे," साहेब वळला.

सेतुमाधवाने सुटकेचा श्वास सोडला, तो ऐकू आला. परिसलीचा दोर सोडायला तो पुढे धावलासुद्धा. सगळे त्याच्या मनासारखे झाले होते. सांबशिवरावांनी गप्प उभे राहायचे, एवढेच उरले होते.

पण ज्याच्यावर एवढे दिवस संशय धरला त्या माणसाने बुवांचे नाव घेऊन आपल्यासाठी खोटे बोलावे, हे त्यांना सोसवले नाही. कालच्या स्वप्नाच्या खोट्यावर हे आणखी एक.

"पानं नाहीत," ते म्हणाले. टोपली खाली ठेवून त्यांनी वरचे पान काढले.

साहेब दोन पावले मागे सरला, रुमाल नाकाला लावला. "हें काय? रोग आहे कां?"

"रोग नाही. आम्ही मारलीं. बार लावून, मृदंग वाजवून."

"अण्णा!" सेतुमाधव काठावरून ओरडला.

"कां पण?" साहेबाने विचारले.

"तुम्हीं येणार म्हणून. पाखरं पाहून तुम्हीं जमीन घ्याल, असं वाटलं."

साहेब हसायच्या बेतात होता. तमिळमध्ये म्हणाला, "अहो, तुमची जमीन तुमच्याकडून कोण घेईल? पट्टा असेल ना तुमच्याकडे?"

 सेतुमाधव खाली बघत दोर हातात गुंडाळत राहिला. विशालाक्षी पडवीतून बाहेर आली होती, तिच्या पदरात काहीतरी हलत होते.

साहेबाचे हसू हळूहळू गेले. त्याने सेतुमाधवाकडे पाहिले, घराकडे पाहिले, मग राजगोपालकडे वळला. "पट्टा नाही? हें तूं मला सांगितलं नाहीस."

"मी त्यांस विचारलंच नव्हतं," राजगोपाल म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तुम्हांस ठाऊक होतं," विशालाक्षी त्याला मराठीत म्हणाली. तो प्रश्न होता की आरोप, ते कळत नव्हते. "पहिला वेल कोणीं लावला म्हणून विचारलंत, तेव्हांच ठाऊक होतं."

"मी पक्षी पाहायास आलों होतों, अम्मा."

"असेल," ती म्हणाली.

साहेबाने रुमाल खिशात घातला. इतका वेळ त्याने मळ्याकडे पाहिले नव्हते, आता पाहिले. हादग्यांच्या रांगा, त्यांवरचे चकचकीत वेल, चरांतले पाणी, नदीपर्यंत गेलेली हिरवी सावली.

"किती आहे हें सगळं?" त्याने विचारले. "चला, जरा दाखवा."

सांबशिवरावांनी टोपली पुन्हा झाकली आणि वाटेच्या कडेला नीट ठेवली. उपरणे खांद्यावर सारखे केले. मग साहेबाच्या पुढे झाले.

"या," ते म्हणाले. "वाट ओली आहे. जपून या."